मडगार्डवरची गोणी

चारुलताने हजेरी घेतली तेव्हा शेवटच्या बाकावरून समाधान म्हणाला, “हो, ताई.”

तिने कागदावरून मान वर केली नाही. “इथे मॅडम म्हणायचं. पुन्हा. समाधान पुंडलिक.”

“हो, मॅडम.”

पुढच्या बाकावरचे दोघेतिघे हसले. समाधानही थोडा हसला. सगळे हसत असताना आपण एकट्यानेच तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही, असं वाटणाऱ्यांपैकी तो होता. चारुलताला ते ठाऊक होतं. अकरा वर्षं तो तिच्या वडिलांचा ट्रॅक्टर चालवत होता. आखाजीच्या सणाला ती माहेरी आली की मुक्ताईनगरच्या स्टँडवर तिची बॅग घ्यायला तोच उभा असायचा, आणि बॅग जड असली की म्हणायचा, “ताई, पुस्तकं आनली का दगडं?”

आठ महिन्यांपूर्वी, भादव्यात, तोच ट्रॅक्टर केळीच्या बागेलगतच्या चारीत उलटला. स्टिअरिंगवर समाधान होता. लोटन आबा, म्हणजे चारुलताचे वडील, डाव्या मडगार्डवर बसले होते. समाधान चिखलात फेकला गेला आणि त्याचा उजवा हात मोडला. आबा ट्रॅक्टरखाली गेले. शेजारच्या गावाहून जेसीबी येऊन ट्रॅक्टर उचलेपर्यंत दीड तास ते खालीच होते.

आता वैशाख चालू होता. जळगावबाहेरच्या या प्रशिक्षण केंद्रात पत्र्याच्या शेडखाली पंधरा माणसं घाम पुसत बसली होती. शेतातली वाहनं सुरक्षितपणे चालवण्याचं आठ दिवसांचं शिक्षण, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. चारुलता मूळची धुळ्याच्या एका डिप्लोमा कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवायची. वडील गेल्यावर हे काम तिने स्वतः मागून घेतलं. नातेवाईक म्हणाले, पोरीने दुःखाचं सोनं केलं.

समाधान इथे का आला होता, तेही तिला ठाऊक होतं. गावच्या शेतकरी गटाला नवा ट्रॅक्टर मिळाला होता आणि गटाचा अध्यक्ष होता हितेंद्र, तिचा धाकटा भाऊ. अपघातानंतर समाधानच्या हाती कोणी स्टिअरिंग दिलं नव्हतं. तो केळीचे घड वाहायचा, तेही डाव्या खांद्यावरून, कारण वाकडा जुळलेला उजवा हात खांद्यापर्यंत जात नसे. गटातल्या चार म्हाताऱ्यांनी मध्ये पडून त्याच्यासाठी शब्द टाकला, तेव्हा हितेंद्र म्हणाला होता, “सर्टिफिकेट आण. ताईने पास केलं तर मला अडचण नाही.” ती पास करणार नाही, असं धरूनच तो हे बोलला होता. समाधानने मात्र ते सरळ घेतलं, बायकोच्या भावाच्या ओळखीतल्या एकाकडून फॉर्म भरून घेतला, आणि आला.

चारुलताने शिकवायला सुरुवात केली.

ती चांगलं शिकवायची, यात शंका नाही. ट्रॅक्टरवर चढायचं ते डाव्या बाजूने, दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले. उतरण्याआधी अवजार खाली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चावी खिशात. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांना जोडून. चारी जेवढी खोल, कडेपासून किमान तेवढं अंतर. पाऊस पडलेला असेल तर त्याच्या दुप्पट. आणि ट्रॅक्टरवर माणूस एकच. सीट एक आहे, माणूस एक.

“मॅडम,” शिरपूरकडचा प्रेमराज म्हणाला. तो वर्गातला बोलका माणूस होता. “आमना गावमा बठ्ठा मडगार्डवरच बसतस. नवरदेव बी मडगार्डवर बसीसन वरातमा जास.”

“आणि त्यातले किती परत येतात, मोजलेत का?”

“परत येवाले त्याले बायको लागस ना मॅडम, मडगार्ड नही.”

वर्ग हसला. चारुलताही हसली. मग तिने प्रोजेक्टर चालू केला आणि पडद्यावर एक फोटो आला: चारीत चारही चाकं वर करून पडलेला ट्रॅक्टर, भोवती चिखल, कडेला एक पिवळी पडलेली केळ. “मुक्ताईनगर तालुका,” ती म्हणाली. “सप्टेंबर. एक मृत्यू. मडगार्डवर बसलेला माणूस.” मेलेल्याचं नाव तिने सांगितलं नाही. तो फोटो तिने पाच मिनिटं पडद्यावर ठेवला आणि त्यावर एकेक जण बोलता केला. समाधानची पाळी आली तेव्हा म्हणाली, “तुम्ही सांगा. ड्रायव्हरने काय चुका केल्या?”

समाधान उभा राहिला. “कडेनं नेला, मॅडम.”

“आणखी?”

“मडगार्डवर बसू दिलं.”

“मालक होता ना तो? नोकर मालकाला उतर म्हणू शकतो?”

समाधानने पडद्याकडे पाहिलं आणि मग खाली. “म्हनाले पाहिजे.”

“तुम्ही म्हणाला असतात?”

तिने घड्याळात पाहिलं आणि त्याला पूर्ण एक मिनिट उभं ठेवलं. मग म्हणाली, “बसा.”

त्यांच्या भागात मालक मडगार्डवरच बसतो. डावा मडगार्ड हीच मालकाची बैठक. उजवा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून थांब, वळ, चल, हे सगळं खांद्यावरच्या हाताने सांगायचं. एखाद्या दिवशी आबा मडगार्डवर दिसले नाहीत तर रस्त्यातली माणसं समाधानला विचारायची, “आबा आजारी पडले का रे?” ते चारुलताने लहानपणापासून पाहिलं होतं आणि त्यात तिला कधी वावगं दिसलं नव्हतं. तशी ती त्या बैठकीचा अभिमानच बाळगायची.

पण आबांच्या मृत्यूमागे तिसरं एक कारण होतं, आणि त्याबद्दल ती वर्गात पुस्तकातली सात वाक्यं बोलून पुढे सरकायची.

सीटच्या मागे एक लोखंडी कमान असते. ट्रॅक्टर कलंडला तर ती जमिनीत रुतते आणि त्याला कुशीवरच अडवते. पालथा होऊ देत नाही. चारी उजवीकडे होती, आबा डावीकडे, म्हणजे वरच्या अंगाला. कमान असती तर ट्रॅक्टर कुशीवर पडला असता आणि आबा त्याच्या वर राहिले असते. हात-पाय मोडला असता. पण कमान नव्हती. केळीच्या दोन ओळींतून ट्रॅक्टर जाताना ती वाकलेल्या घडांना घासायची, घडावर डाग पडायचे, आणि डाग पडलेला घड व्यापारी बाजूला काढायचा. म्हणून केळीवाले पहिल्याच हंगामात ती काढून ठेवतात. आबांनी मात्र काढण्याआधी फोन केला होता. लेक ऑटोमोबाइलची मास्तरीण, विचारायला नको?

“चारू, कमान काढली तर गॅरंटीला काही होतं का गं?”

ती तेव्हा पेपर तपासत होती. समोर एकशे चाळीस पेपर होते. “गॅरंटीला काही होत नाही आबा. काढा.”

एवढंच. त्यांनी गॅरंटीचं विचारलं, तिने गॅरंटीचं सांगितलं. ‘काढा’ हा शब्द तिने आपणहून जोडला होता. फोन ठेवताना तिकडे कोणाचा तरी आवाज आला होता, “काय म्हने ताई?” तो आवाज समाधानचा होता की सालावरच्या दुसऱ्या गड्याचा, हे तिला आठ महिने ठरवता आलं नव्हतं. आई, हितेंद्र, धुळ्याचं सासर, कोणालाही हा फोन माहीत नव्हता. शोकाला आलेल्या बायकांत बसून तिने स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं, “कमान कुठे होती?” आणि सगळ्यांनी समाधानच्या घराकडे पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी तिने गोणीचा धडा घेतला.

हा धडा पुस्तकात होता. तिने तो शोधून काढला नव्हता. मडगार्डवर वाळूची गोणी ठेवायची, ट्रॅक्टर खड्ड्यातून न्यायचा, आणि माणूस कसा पडतो ते दाखवायचं. केंद्राच्या ट्रॅक्टरला कमान होती, सीटला पट्टा होता, बघणारे सगळे दोरीच्या मागे. कोणाला काही इजा व्हायची शक्यता नव्हती.

“किती भरू मॅडम?” गोदामवाल्या पुनाने विचारलं.

“एकसष्ट किलो.”

“साठ भरतो ना. पुरं माप.”

“एकसष्ट.”

समाधानने तिच्याकडे पाहिलं. दरवर्षी केळीची काटणी झाली की घड मोजून झाल्यावर आबा स्वतः काट्यावर उभे राहायचे आणि समाधानला आकडा वाचायला लावायचे. “एकसष्ट, आबा.” “म्हणजे अजून बोहल्यावर चढायला हरकत नाही.” दरवर्षी तोच आकडा आणि दरवर्षी तोच विनोद.

पुनाने गोणी भरली. गंमत म्हणून प्रेमराजने तिला आपला जुना सदरा घातला आणि वर टोपी ठेवली. म्हणाला, “लो, आबा तयार शे!” त्याला काहीच माहीत नव्हतं. कोणत्याही म्हाताऱ्याला खानदेशात आबाच म्हणतात.

“ट्रॅक्टर समाधान चालवतील,” चारुलता म्हणाली.

त्याने नियमाप्रमाणे डावीकडून चढून पट्टा लावला, मागे पाहिलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये ट्रॅक्टर काढला. खड्ड्यापाशी येताच त्याचा पाय आपोआप क्लचवर गेला. पुढचं चाक त्याने असं उतरवलं, जणू खाली मूल झोपलेलं आहे. गोणी जागची हलली नाही. अकरा वर्षं मडगार्डवर माणूस घेऊन चालवलेले ते पाय होते. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

“पुन्हा,” चारुलता म्हणाली. “तिसऱ्या गिअरमध्ये.”

तिसऱ्यात गोणी घसरली, पण टिकली. टोपी मात्र पडली.

“पुन्हा. चौथ्यात. क्लच दाबायचा नाही.”

“मॅडम,” समाधान वरून म्हणाला, “चौथ्या गिअरात इथून कोनी जात नाही.”

“मालक म्हणाला जा, तर जाता ना?”

ती ट्रॅक्टरजवळ गेली, पायरीवर चढली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर, वाकडा जुळलेला हात होता त्याच बाजूला, दोन थापा मारल्या. आबा ‘चल’ म्हणायला अशाच मारायचे. मग ती उतरून दोरीच्या मागे येऊन उभी राहिली.

समाधानने ट्रॅक्टर सोडला. खड्ड्यात पुढचं चाक आदळलं, गोणी उडाली, मागच्या मोठ्या चाकापुढे पडली आणि चाक तिच्यावरून गेलं. सदऱ्याची शिवण फाटली. वाळू दोन्ही अंगांनी बाहेर आली.

“गया रे आबा!” प्रेमराज ओरडला, आणि चौदा माणसं हसली.

समाधानने ट्रॅक्टर थांबवला. न्यूट्रल, हँडब्रेक, चावी खिशात; काही विसरला नाही. उतरला, चालत मागे गेला, गोणीपाशी बसला आणि डाव्या हाताने वाळू परत सदऱ्यात भरू लागला.

“राहू द्या,” चारुलता म्हणाली. “ते पुना करेल. तुम्ही सांगा, चूक कोणाची?”

“चालवनाऱ्याची, मॅडम.”

“मोठ्याने.”

“चालवनाऱ्याची.”

“लिहून घ्या सगळ्यांनी,” ती म्हणाली.

त्या दुपारी मेसमध्ये तिने तीन भाकरी खाल्ल्या. कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली होती.

सातव्या दिवशी पाचच्या चहाला समाधान तिच्याकडे आला. ती कडुनिंबाखाली खुर्ची टाकून उद्याच्या परीक्षेचे कागद लावत होती. तो दोन पावलांवर थांबला. हातातला कप त्याने खाली ठेवला. कप हातात धरून तो तिच्याशी कधी बोलत नसे.

“ताई, एक सांगायचं होतं.”

तिने ‘मॅडम’ची आठवण करून दिली नाही. “सांगा.”

“उद्याले तोंडी परीक्षा हाये. पाहिलेला अपघात सांगा म्हनता तुमी. मले बोदवडचा तो मळणी यंत्राचा सांगू द्या. बाईचा पदर गेला होता त्याच्यात, मी तिथंच होतो. आबांचा नका इचारू.”

“का?”

तो जमिनीकडे पाहत राहिला. “माह्यासाठी नाही म्हनत. तुमच्यासाठी म्हनतो.”

चारुलताच्या हातातले कागद होते तसेच राहिले. म्हणजे आवाज त्याचाच होता. पाना हातात धरून तो तिथे उभा असणार, आणि ‘काढा’ हा तिचाच शब्द आबांनी त्याला सांगितला असणार. आठ महिने गाव त्याच्या दारावरून थुंकत जात होतं आणि त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. उपकार म्हणून नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं. मालकाच्या घरातली गोष्ट होती.

तिला त्याचे आभार मानावेसे वाटायला हवे होते. त्याऐवजी तिला त्याचा इतका राग आला की कानशिलं तापली. हा माणूस सात दिवस शेवटच्या बाकावर बसून तिला दया दाखवत होता. गोणीवरून चाक घालतानासुद्धा.

“परीक्षा सगळ्यांना सारखी,” ती म्हणाली. “चहा गार होतोय तुमचा.”

परीक्षेच्या दिवशी हितेंद्र आला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. गटाचा अध्यक्ष म्हणून खुर्ची मांडून बसला. प्रात्यक्षिकात समाधान पहिला आला. ट्रॉली उलटी नेऊन सहा खांबांमधून काढायची होती. इतरांनी दोन-दोन खांब पाडले, त्याने एकाच दमात काढली आणि एकाही खांबाला धक्का लागू दिला नाही. प्रेमराज म्हणाला, “ह्याले काय शिकाडतीस मॅडम, ह्यानाकडथून तुम्हीच शिका!” हितेंद्रने ओठ मुडपले.

मग तोंडी. एकेक जण फळ्यापुढे उभा राहून आपल्या डोळ्यांनी पाहिलेला अपघात सांगत होता: काय झालं, कोणाची चूक, काय करायला हवं होतं. समाधानची पाळी आली. त्याने खाकरून सुरुवात केली, “बोदवडले मळणी चालू होती. एक बाई...”

“ते नको,” हितेंद्र खुर्चीतून म्हणाला. “आमच्या आबांचं सांग.”

पडद्यावरचा फोटो, एकसष्ट किलो, सगळं एकदम बाकीच्या चौदा जणांच्या लक्षात आलं. प्रेमराजचं तोंड उघडं राहिलं. समाधानने चारुलताकडे पाहिलं.

एक शब्द पुरला असता. परीक्षक ती होती. बाहेरच्या माणसाने प्रश्न विचारायचा नसतो, एवढं म्हटलं असतं तरी हितेंद्र गप्प बसला असता.

“सांगा,” ती म्हणाली.

त्याने सांगितलं. सावकाश सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. आबांना पलीकडचा वाफा पाहायचा होता. चारीपाशी आल्यावर तो थांबला होता. आबांनी खांद्यावर दोन थापा मारल्या. “मी नाही म्हनाले पाहिजे होतं. चारी चार फूट खोल, मी दीड फुटावरून नेला. आबाले खाली उतरवाले पाहिजे होतं. पट्टा लावला नव्हता. चूक चालवनाऱ्याची.”

“आणि कमान?” हितेंद्रने विचारलं. “ती कोणी काढली?”

“म्या.”

“कोणी सांगितलं काढायला?”

समाधानची नजर फळ्याकडे गेली, तिथून खडूकडे, खडूवरून चारुलताच्या बोटांकडे. तिने खडू घट्ट धरला होता. बाहेर पुना बादलीने झाडांना पाणी घालत होता, त्याचा आवाज येत होता.

“कोनी नाही,” समाधान म्हणाला. “घडाले लागे. मीच काहाडली.”

“ऐकलं का सगळ्यांनी?” हितेंद्र उठून उभा राहिला. “आठ महिने माझ्या मनात यायचं, आबांनीच तर कमान काढायला लावली नसेल ना! आणि हा काढणारा. अकरा वर्षं आमच्या घरचं खाल्लं याने. ताई, ऐकलंस?”

“ऐकलं,” चारुलता म्हणाली.

प्रेमराजला राहवलं नाही. “पन भाऊ, मालकले न इचारता कोन ड्रायव्हर पाना लावस? हाऊ काही गळे उतरत नही. कोनी ना कोनी सांगेलच व्हई...”

“प्रेमराज,” चारुलता म्हणाली, “तुमची परीक्षा झाली ना? बाहेर बसा.”

तो तिच्याकडे पाहत राहिला, जरा जास्तच वेळ. मग टोपी उचलून बाहेर गेला.

निकालाच्या कागदात शेवटचा रकाना परीक्षकाच्या मताचा होता. प्रात्यक्षिक पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. लेखी तीसपैकी एकवीस. चारुलताने शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘सुरक्षा साधन स्वतःहून काढल्याची कबुली. अपात्र.’ खाली सही केली. सही नेहमीसारखी आली.

चार वाजेपर्यंत सगळे आपापली सर्टिफिकेटं घेऊन गेले. हितेंद्र जाताना म्हणाला, “आबांच्या आत्म्याला शांती मिळाली असेल आज.” आणि तिच्या पायांना हात लावायला वाकला. तिने लावू दिला.

समाधान शेवटी आला. त्याला निकाल कळला होता; प्रेमराजनेच सांगितला असावा. ती टेबलाशी बसली होती. तिने त्याच्या फॉर्मला लावलेले कागद काढून त्याच्यापुढे ठेवले: आधारची झेरॉक्स आणि सर्टिफिकेटसाठी घेतलेले दोन फोटो. फोटोत त्याने हितेंद्रचा जुना कोट घातलेला होता. आबांनी एका दिवाळीला तो त्याला दिला होता.

“हे तुमचं.”

त्याने झेरॉक्स घेतली, घडी करून खिशात ठेवली. फोटो टेबलावरच राहू दिले. “राहू द्या, ताई. पुढल्या ब्याचले लागतीन.”

“तुम्ही परत येणार?”

“येईन ना. मले दुसरं येते काय?” तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. “परीक्षेले बसाचं, पुन्हा बसाचं. कधी ना कधी पास कराल.”

चारुलताला पुढचे आठ दिवस दिसले. शेवटचा बाक, हजेरीला ‘हो, मॅडम’, खड्ड्यात अलगद उतरणारं चाक. मग त्याच्या पुढचे आठ दिवस, आणि त्याच्या पुढचे. तो दर वेळी येईल, दर वेळी पहिला येईल, आणि दर वेळी तिच्याकडे तसंच पाहील, एवढंही न मागता की तू बोल.

“एकदा अपात्र ठरलेल्याला पुन्हा घेत नाही,” ती म्हणाली. “नियम आहे.”

असा नियम नव्हता. पण बोलताना तो इतका सरळ वाटला, की तिला स्वतःलाच तो कुठेतरी वाचल्यासारखा वाटला.

“कुठंच नाही?”

“जिल्ह्यात कुठेच नाही. धुळ्यालाही नाही.”

तो फोटो उचलायला गेला. टेबल गुळगुळीत होतं आणि उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती. फोटो निसटून पुढे सरकत राहिले. चारुलता बघत होती. हात पुढे करून तिला ते सहज देता आले असते. अखेर त्याने ते टेबलाच्या कडेपर्यंत ओढत आणले आणि डाव्या तळहातावर पाडून घेतले.

“बरं, ताई,” तो म्हणाला. “येतो.”

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती थांबली. मग तिने केंद्राच्या छापील कागदावर वरिष्ठांना पत्र लिहिलं. सुरक्षा साधनाशी छेडछाड केल्याने अपात्र ठरलेल्या उमेदवारास पुन्हा प्रवेश देण्यात येऊ नये, अशी तरतूद सर्व केंद्रांना लागू करावी. गेल्या वर्षभरातील अपघात पाहता ती अत्यंत निकडीची आहे. पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. महिन्याभरात मंजुरी आली, आणि पुढच्या प्रत्येक बॅचला ती पहिल्या तासाला हाच नियम फळ्यावर लिहू लागली, सगळ्यांत वर, सुवाच्य अक्षरात.